तांबड्या पाकिटाचा हिशेब

२००५ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला आली होती, आणि या देशातल्या ज्या मोजक्या गोष्टींचे तिला मनापासून कौतुक वाटले त्यांत पोस्टमनचा क्रमांक बराच वरचा होता. दुपारी दोनच्या सुमारास टपालाची पांढरी गाडी कोपऱ्यावर थांबली की ती चप्पल अडकवून सामायिक पेट्यांपाशी जाई आणि बिले व जाहिराती यांच्या गठ्ठ्यातून नेटफ्लिक्सचे, म्हणजे सिनेमाच्या डीव्हीडीचे, तांबडे पाकीट वेगळे काढून, ते सर्वांत वर ठेवून घरी येई. सिनेमा टपालाने येतो, पाहून झाला की त्याच पाकिटातून परत जातो आणि परतीचे तिकीटही आपल्याला लावावे लागत नाही, हे तिला फार आवडले होते. आवडले नाही ते एवढेच, की आलेली पाकिटे आम्ही वेळेवर परत करत नव्हतो.

“महिन्याची वर्गणी भरलीस ना? मग हे तीन आठवडे टीव्हीवर धूळ का खातंय?” तिने एकदा विचारले. (तेव्हाच्या टीव्हीवर वस्तू ठेवता येत असत, हे नव्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे.) “आमच्या वाचनालयात पुस्तक असं दाबून ठेवलं तर दुसरं देत नाहीत.”

“इथेही देत नाहीत, आई.”

“मग यात त्यांचाच फायदा की रे!”

आईने नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी कित्येक वर्षे भरलेली, त्यामुळे हा व्यवहार तिला माझ्यापेक्षा लवकर कळला. नेटफ्लिक्स हे नाव आज ज्या अर्थाने घेतले जाते त्याच्याशी या पाकिटाचा मेळ बसवणे तरुण मंडळींना अवघड जाते. पण रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रॅन्डॉल्फ यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या स्कॉट्स व्हॅलीत ही कंपनी काढली आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये तिचे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा तिच्याजवळ ९२५ चित्रपटांच्या डीव्हीडी होत्या आणि त्या घरोघरी जात त्या टपालानेच. प्रत्येक डिस्कचे सुटे भाडे आणि उशिराचा दंड ही सुरुवातीची पद्धत लवकरच मागे पडली आणि १९९९ पासून मासिक वर्गणी आली. आमची वर्गणी १७ डॉलर ९९ सेंट होती. तेवढ्यात एका वेळी तीन डिस्क घरात ठेवता येत, त्या हव्या तितके दिवस ठेवल्या तरी दंड नसे, मात्र एक परत गेल्याखेरीज चौथी येत नसे. आपण संकेतस्थळावर पसंतीच्या चित्रपटांची यादी लावायची, तिला सगळे ‘क्यू’ म्हणत; डिस्क परत पोचली की त्या यादीतली पुढची निघायची. वाचनालयात एक पुस्तक आणि एक मासिक घरी नेण्याची मुभा असते, तोच हा प्रकार; फक्त ग्रंथपालाच्या जागी टपालखाते होते.

हा व्यवसाय नेमका त्याच वेळी का जमला याचे उत्तर वजनात आहे. अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली १९९७ साली. त्याआधीची व्हिडिओ कॅसेट जाड आणि जड. ती टपालाने पाठवायची तर पार्सलाचा खर्च सोसावा लागला असता. डिस्क मात्र बारा सेंटिमीटर व्यासाची, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची आणि सोळा ग्रॅमच्या आसपास वजनाची. कागदी पाकिटात घातली तरी एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, ही साध्या पत्राची मर्यादा ओलांडत नाही. दोघा संस्थापकांनी धंदा सुरू करण्यापूर्वी सांताक्रूझमध्ये गाण्यांची एक सीडी पाकिटात घालून घरच्या पत्त्यावर टाकून पाहिली, ती दुसऱ्या दिवशी धड पोचली, आणि तेवढ्या आधारावर पुढचे सगळे उभे राहिले.

ती वाट संथ होती असे आज सर्रास म्हटले जाते, पण त्या काळाच्या मापाने ते खरे नाही. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ गिगाबाइट मजकूर मावतो. २००५ मध्ये आमच्या घरी इंटरनेटची सेकंदाला दीड मेगाबिटची जोडणी होती आणि ती चांगली समजली जाई. तिच्यावरून एवढा मजकूर उतरवून घ्यायचा तर अखंड साडेबारा तास लागले असते. टपालाने तीन डिस्क एका दमात येत, आणि तारेच्या हिशेबाने त्यांना जवळजवळ चाळीस तास लागले असते. पोस्टमनची गाडी आमच्या तारेपेक्षा वेगवान होती असे म्हणायला हरकत नाही, फक्त ती रविवारी येत नसे. कंपनीने पुढे देशभर पन्नासहून अधिक वितरण केंद्रे उघडली, त्यामुळे सोमवारी सकाळी पेटीत टाकलेल्या पाकिटाच्या बदल्यात बुधवारी नवे पाकीट हातात पडे. आमच्याकडे तर हे हमखास घडे, कारण अगदी सुरुवातीचे केंद्रच शेजारच्या सॅन होजेच्या परिसरात होते.

आता ‘यात त्यांचाच फायदा’ या आईच्या वाक्याकडे येतो. २००५ साली साध्या पत्राचे टपाल ३७ सेंट होते. एक डिस्क येणार आणि जाणार म्हणजे ७४ सेंट. घाऊक टपालाची सवलत धरली तर थोडे कमी. एखाद्या उत्साही घराने आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला बारा डिस्क पाहिल्या, तर जवळजवळ नऊ डॉलर टपालातच गेले, आणि वर्गणी अठराची. उरलेल्या नऊ डॉलरांत डिस्कची खरेदी, पाकिटे फोडून डिस्क पुसून तपासणाऱ्या माणसांचा पगार, आणि बाकी सगळे. उलट आमच्यासारख्या घरात, जिथे महिन्याला तीन डिस्क फिरत, तिथे टपालाचा खर्च सव्वादोन डॉलरही होत नव्हता. सिनेमाचा खरा शौकीन हा कंपनीचा महागडा गिऱ्हाईक, आणि आळशी गिऱ्हाईक तिच्या फायद्याचा! एका ग्राहकाने २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लावला तो याच मुद्द्यावर. जास्त डिस्क पाहणाऱ्यांना मुद्दाम उशिरा डिस्क पाठवली जाते, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर कंपनीने आपल्या अटींत लेखी नमूद केले, की मागणी जास्त असलेली डिस्क देताना कमी डिस्क नेणाऱ्याला प्राधान्य मिळू शकते. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले.

स्ट्रीमिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट सिनेमा पाहण्यात, हा हिशेब उलटा फिरतो. चित्रपटाच्या हक्कांचे पैसे मुदतीच्या कराराने आधीच मोजलेले असतात, आणि मी तो एकदा पाहिला काय किंवा चारदा पाहिला काय, कंपनीला त्याचा वेगळा खर्च जवळपास काहीच येत नाही. तिला भीती असते ती मी पाहायचे थांबेन आणि महिनाअखेरीस वर्गणी बंद करीन याची. त्यामुळे पूर्वी मी न पाहण्यात कंपनीचा फायदा होता, तर आता मी सतत पाहत राहण्यात आहे. एक भाग संपून नामावली सुरू होते न होते तोच पुढचा भाग आपोआप सुरू होतो, आणि तो थांबवायचा असेल तर रिमोट शोधण्याचे कष्ट आपल्याला घ्यावे लागतात. डिस्कच्या दिवसांत कष्ट पाहण्यासाठी होते. उठावे, पाकीट उघडावे, डिस्क खणात ठेवावी. माझ्या मते या दोन पद्धतींतला सर्वांत मोठा फरक हा आहे, आणि तंत्रज्ञानाची बाकी सगळी चर्चा त्याच्यापुढे दुय्यम आहे.

या कष्टांचा निवडीवर काय परिणाम होतो हे मला स्वतःच्या घरात दिसले. यादी लावताना आपण फार सज्जन असतो. रविवारी सकाळी चहा पिताना मी यादीत युद्धावरचे माहितीपट, जपानी आणि इराणी दिग्दर्शकांचे जुने चित्रपट, कुणीतरी शिफारस केलेले तीन तासांचे काही, असे सगळे भरत असे. ती डिस्क गुरुवारी हातात येई तेव्हा कामावरून थकून आलेल्या माणसाला एखादा विनोदी सिनेमा हवा असे. मग माहितीपट टीव्हीवर जाऊन बसे, आणि आई त्याच्यावरची धूळ पुसत असे. हा केवळ आमच्या घरचा दोष नव्हता. हार्वर्डशी संबंधित तीन संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या एका टपाली डीव्हीडी सेवेच्या नोंदी तपासून २००९ साली दाखवून दिले होते, की ‘पाहायला हवेत’ अशा गटातले चित्रपट लोक ‘पाहावेसे वाटतात’ अशांपेक्षा जास्त दिवस घरात ठेवून घेतात. पण त्या पद्धतीत एक गंमत होती. तो माहितीपट पाहिल्याशिवाय किंवा हार मानून तसाच परत केल्याशिवाय नवी डिस्क येत नसे, म्हणून केव्हातरी पावसाळी शनिवारी, नाइलाजाने का होईना, तो लागे. माझे निम्मे चांगले सिनेमे अशा नाइलाजातून पाहून झाले आहेत. आताच्या सेवांवरही ‘माझी यादी’ असते. तिच्यात माझे दीडशे चित्रपट आहेत, आणि ते तिथे कितीही वर्षे पडून राहिले तरी मला कुणी जाब विचारत नाही.

दुसरा फरक कायद्याचा आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. अमेरिकेत एखाद्या कृतीची प्रत रीतसर विकली गेली की तिच्यावरचा विक्रीनंतरचा ताबा मूळ हक्कदाराकडे राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली एका पुस्तकाच्या खटल्यात हे तत्त्व मान्य केले आणि पुढे ते कायद्यात आले. तुम्ही विकत घेतलेली प्रत तुम्ही विका, द्या, भाड्याने द्या. निर्मात्याची परवानगी लागत नाही. (गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांना १९८४ मध्ये यातून वगळण्यात आले, म्हणून सीडी भाड्याने देणारी अशी कंपनी इथे उभी राहिली नाही.) भारतात चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने हक्कदाराकडेच राखलेला आहे, म्हणजे बंगळूरच्या सेव्हन्टीएमएमने किंवा रिलायन्सच्या बिगफ्लिक्सने आपल्याकडे घरपोच डिस्कचा हाच प्रयोग केला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन वेगळी होती. अमेरिकेत मात्र एखाद्या स्टुडिओची इच्छा असो वा नसो, बाजारात डिस्क विकत मिळते ना, मग ती कपाटात ठेवता येते. त्यामुळे ते कपाट फक्त वाढतच गेले आणि एक लाख शीर्षकांच्या पलीकडे पोचले. त्यात हिंदी चित्रपट होते, तमिळ होते, साठ वर्षांपूर्वीचे पोलिश चित्रपट होते, आणि एका वेळी देशभरात चार जणांनीच मागवावे असेही होते. एकदा घेतलेली डिस्क तुटेपर्यंत किंवा हरवेपर्यंत कपाटातच राही.

स्ट्रीमिंगला हे तत्त्व लागू होत नाही, कारण तिथे प्रत हातातून हातात जातच नाही. प्रत्येक चित्रपटासाठी करार, त्या कराराला मुदत, आणि देशागणिक वेगळा करार. स्टार्झ या वाहिनीबरोबरचा असा एक करार २०१२ च्या फेब्रुवारीत संपला, तेव्हा नेटफ्लिक्सवरून शेकडो चित्रपट एका दिवसात गेले. त्यांच्या डिस्क मात्र टपालाने येतच राहिल्या. आमच्यावर हा प्रसंग अगदी घरगुती स्वरूपात आला. एका सेवेवर (तिचे नाव महत्त्वाचे नाही) आम्ही चार भागांच्या मालिकेचे दोन भाग एका शनिवारी पाहिले, आणि पुढच्या शनिवारपर्यंत महिना बदलला. मालिका गायब! मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही चुकीचं काहीतरी दाबलं असेल.” मी अर्धा तास शोधत बसलो. नाशिकला गेलो की तीच वर्गणी भरलेली असूनही यादी वेगळी दिसते, हेही तसेच. ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबूनही मिळतो तो परवानाच, आणि ते ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे असा कायदा आमच्या कॅलिफोर्नियाने २०२५ पासून लागू केला आहे.

एवढे लिहिल्यावर मी जुन्याचा भक्त आहे असा समज होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २००७ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने संगणकावर थेट चित्रपट दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्यात हजारभर शीर्षके होती, ती फक्त विंडोजवर चालत, आणि वर्गणीच्या प्रत्येक डॉलरमागे एक तास असे रेशन होते. मी तेव्हा हसलो होतो. पण ज्या गोष्टीची आम्हांला सर्वांत जास्त उणीव भासत असे ती त्या लक्ष शीर्षकांच्या कपाटातही क्वचितच सापडे, आणि ती म्हणजे मराठी चित्रपट. इंडियन ग्रोसरीत डाळ-तांदळाच्या पोत्यांमागे एक मांडणी असे, तिथे डॉलर-दोन डॉलरला हिंदी सिनेमा मिळे. मराठी विचारले तर मालक खालच्या खणात हात घालून एखादी ओरखड्यांनी भरलेली डिस्क काढून देई. पुण्याहून येणारा प्रत्येक जण लक्ष्मी रस्त्यावरून चार डिस्क घेऊन येई, आणि त्यांतल्या एकीवर विभाग पाचचा (डिस्क कोणत्या देशांत चालावी ते ठरवणारा) शिक्का निघाला की आमचा विभाग एकचा प्लेअर ती तोंडातून परत बाहेर काढी. आज नवा मराठी चित्रपट मी फ्रीमॉन्टमध्ये आणि आई नाशिकमध्ये, एकाच आठवड्यात पाहू शकतो आणि फोनवर त्याच्याबद्दल भांडू शकतो. भारतात ही सेवा २०१६ च्या जानेवारीत पोचली, त्याच वर्षी डेटा स्वस्त झाला, आणि आईच्या पिढीने डिस्क हा टप्पा ओलांडून थेट मोबाईलवर उडी मारली. हा लाभ कोणत्याही तांबड्या पाकिटाने दिला नसता.

त्या पाकिटाचा उतार २०११ मध्ये सुरू झाला. तोवर दहा डॉलरच्या वर्गणीत एक डिस्क आणि ऑनलाइन चित्रपट असे दोन्ही मिळत असे. त्या वर्षी दोन्हींच्या वर्गण्या वेगळ्या करून प्रत्येकी ७ डॉलर ९९ सेंट केल्या गेल्या, म्हणजे एका फटक्यात साठ टक्के वाढ. सप्टेंबरमध्ये डिस्कचा विभाग ‘क्विकस्टर’ या नावाने वेगळा काढण्याचे जाहीर झाले आणि लोकांचा संताप पाहून तीन आठवड्यांत मागेही घेतले गेले. त्या तिमाहीत आठ लाख ग्राहक सोडून गेले. आम्ही राहिलो, पण ऑनलाइन घेतले आणि डिस्कही ठेवली असे करणारी घरे भोवताली झपाट्याने कमी झाली.

शेवटची डिस्क २९ सप्टेंबर २०२३ रोजी रवाना झाली. पहिली डिस्क गेली होती ती संकेतस्थळ सुरू होण्याआधीच, १९९८ च्या मार्चमध्ये, ‘बीटलज्यूस’ या चित्रपटाची. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत कंपनीच्या हिशेबाप्रमाणे ५२० कोटींहून अधिक डिस्क पाठवल्या गेल्या. शेवटच्या दिवसांत ज्यांनी नाव नोंदवले त्यांना यादीतल्या दहापर्यंत जादा डिस्क मिळण्याची संधी होती, आणि हातात असलेल्या डिस्क परत करायच्या नव्हत्या. आमच्याकडे सात आल्या. न परत करण्याची डिस्क ही कल्पना मला इतकी चमत्कारिक वाटली, की पहिली पाहून झाल्यावर मी सवयीने ती पाकिटात घातली, झडप चिकटवली आणि पेटीपर्यंत जाऊन परत आलो. उरलेली यादी मी आधीच छापून ठेवली होती. तिच्यातले जे चित्रपट मी ज्या ज्या सेवांची वर्गणी भरतो त्यांवर मिळतात, त्यांच्यापुढे पेन्सिलीने खूण करतो. खुणा पेन्सिलीने, कारण त्या पुसाव्याही लागतात.

बाकीच्यांसाठी मी आता गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जातो. तिथे डीव्हीडीची चांगली लांब मांडणी आहे, भाडे नाही, फक्त परतीची तारीख असते, आणि कपाटातला जुना प्लेअर मी त्यासाठीच अजून जोडून ठेवला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना आईचे लक्ष माझ्या खांद्यावरून मागे गेले.

“त्या टीव्हीखालच्या फळीवर काय पडलंय रे?”

“सिनेमा आहे. वाचनालयातून आणलाय.”

“कधी आणलास?”

“झाले नऊ-दहा दिवस.”

“आणि परत कधी द्यायचाय?”

“मंगळवारी,” मी म्हणालो. तिच्याकडे त्या वेळी रविवारची सकाळ होती. तिने चष्मा काढून पदराला पुसला आणि काही बोलली नाही.